मे महिन्यातली सावली: पुण्याच्या सोसायटीत झाड कुठे, कोणतं आणि कसं लावावं

झाड लावायचं ठरलं की लोक आधी नर्सरीत जातात. तसं करू नका. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी तीन-साडेतीनला, डोक्याला पंचा गुंडाळून गच्चीवर जा आणि खाली बघा. पार्किंगचा कोणता भाग उघडा तापतोय, कोणत्या भिंतीवर थेट ऊन येतंय, आहे ती सावली नेमकी कोणत्या झाडाची आहे, हे एका कागदावर उतरवून घ्या. पाच वाजता पुन्हा जा आणि तेच करा. जुलैत पुण्यात सगळंच हिरवंगार दिसतं आणि झाडं लावायचा उत्साहही आपल्याला जुलैतच येतो. मग खड्डा जिथे जागा मोकळी दिसते तिथे खणला जातो आणि टेम्पोतून जे रोप आलं ते त्यात बसतं. फोटो छान येतो. सावली मिळाली तर मिळाली.

मी कोथरूडला राहते. तीन विंगची, तीसेक वर्षं जुनी सोसायटी. बाग समिती म्हणजे मी, आमचे माळीकाका आणि मीटिंगला न येणारे दोन सभासद. नोकरी बँकेत झाली, त्यामुळे हिशेबाची खोड जात नाही. झाडाच्या बाबतीत माझा हिशेब एकाच प्रश्नाचा असतो: मे महिन्यात दुपारी चार वाजता हे झाड कशावर सावली धरणार? उत्तर देता येत नसेल तर ते झाड देखणं असेल, पूजेचं असेल, पक्ष्यांचं लाडकं असेल, जरूर लावा. पण गारव्यासाठी लावलं असं म्हणू नका.

झाड नेमकं करतं काय

दोन कामं करतं. पहिलं सावलीचं. उन्हाळ्यात भरगच्च पानांचं झाड वरून येणाऱ्या उन्हाचा बहुतेक भाग अडवतं, खाली जेमतेम दहा ते तीस टक्के पोचतं. मेमध्ये आपल्या पार्किंगमधले पेव्हर ब्लॉक दुपारी सहज पन्नास अंशांच्या पुढे जातात. सावलीतले हवेच्या तापमानाच्या आसपास राहतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिलेला आकडा असा आहे की भर उन्हातल्या पृष्ठभागापेक्षा सावलीतला पृष्ठभाग ११ ते २५ अंश सेल्सिअस थंड राहतो. लक्षात घ्या, हा फरक जमिनीचा आणि भिंतीचा आहे. हवेतला फरक बराच कमी असतो, एक ते पाच अंश, आणि पाच अंश हवे असतील तर चांगली मोठी झाडी लागते. चार झाडांनी सोसायटीचं महाबळेश्वर होत नाही. मात्र आपल्याला उकडतं ते काही फक्त हवेमुळे नाही. तापलेली फरशी, तापलेली भिंत, तापलेली गाडी या सगळ्यांची धग अंगावर येत असते. झाड ती धगच मुळात तयार होऊ देत नाही.

दुसरं काम पाण्याचं. माठातलं पाणी जसं पाझरून, वाफ होऊन गार पडतं तसंच पानांचं आहे. मुळं पाणी ओढतात, पानांवरच्या बारीक छिद्रांतून ते वाफ होऊन जातं आणि जाताना हवेतली उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण ०.६८ युनिट विजेइतकी उष्णता लागते. मोठं झाड, मुळाशी पुरेसं पाणी असेल तर, उन्हाळ्याच्या एका दिवसात १०० लिटर पाणी हवेत सोडू शकतं. म्हणजे ६८ युनिट. दीड टनाचा एसी तासाला साधारण सव्वापाच युनिट उष्णता खोलीबाहेर काढतो, तेव्हा हे त्याचं तेरा तासांचं काम झालं. शिवाय एसी ती उष्णता, वर स्वतःच्या विजेची भर घालून, शेजारच्यांच्या खिडकीशी नेऊन सोडतो. पुण्याची एप्रिलमधली दुपार कोरडी असते, त्यामुळे आपल्याकडे ही वाफ पटकन होते. मुंबईच्या दमट हवेत तेच काम हळू चालतं.

यातली अट मात्र विसरायची नाही: मुळाशी पाणी असेल तर. पाणी संपलं की झाड पानांवरची छिद्रं मिटून घेतं आणि जीव धरून उभं राहतं. मग उरते ती फक्त सावली. अर्थात तीही काही कमी नाही.

सावली काँक्रीटचीही पडते. कर्वे रोडवर मेट्रोच्या पुलाखाली दुपारी सावली आहेच की. पण पूल दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते परत देत बसतो. पान तसं काही साठवत नाही. प्रभात रोडच्या गल्ल्यांतून रात्री नऊला चालत जा आणि मग कर्वे रोडला बाहेर पडा. फरक अंगालाच कळेल.

आपल्याकडे ऊन पश्चिमेचं

बागकामाच्या बऱ्याच लेखांत लिहिलेलं असतं की घराच्या दक्षिणेला सावलीचं झाड लावा. तो सल्ला आपल्यापेक्षा बराच उत्तरेकडे राहणाऱ्या लोकांसाठी आहे. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. १३ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराला सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळपास येतच नाही. दुपारी तापते ती गच्ची, आणि तीननंतर भाजते ती पश्चिमेची भिंत. त्यातही मेमध्ये सूर्य अगदी पश्चिमेला मावळत नाही, वीसेक अंश उत्तरेकडे सरकून मावळतो. त्यामुळे ज्यांच्या बेडरूमला वायव्येची खिडकी आहे त्यांना संध्याकाळी साडेसहापर्यंत सुटका नाही.

तुमची कोणती भिंत दोषी आहे ते तपासायला यंत्र लागत नाही. रात्री नऊला आतून भिंतीला तळहात लावा. नऊ इंची विटांच्या भिंतीतून उष्णता आत यायला कित्येक तास लागतात. चारचं ऊन तुमच्या उशाशी पोचतं ते झोपायच्या वेळी. आकडेच हवे असतील तर पृष्ठभागाचं तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. कोविडच्या वेळी गेटवर ठेवलेली बंदूक बहुतेक वेळा उपयोगाची नाही, ती अंगाच्या तापासाठी असते आणि पेव्हर ब्लॉकसमोर हात टेकते. आमच्याकडे सभेत ‘झाडांनी काय होतं’ म्हणणाऱ्यांना मी तोंडी उत्तर देत नाही. थर्मामीटर हातात देते आणि खाली पाठवते.

आता अंतराचा हिशेब. मेच्या मध्यात पुण्यात दुपारी चारला सावली झाडाच्या उंचीपेक्षा थोडी लांब पडते आणि पाचला साधारण दुप्पट. समजा दहा मीटर उंच झाड पश्चिमेच्या भिंतीपासून पाच मीटरवर आहे. चार वाजता त्याची सावली भिंतीवर साधारण पावणेसहा मीटरपर्यंत चढते, पाचला साडेसात मीटरपर्यंत. म्हणजे पहिला मजला पूर्ण, दुसऱ्याचा काही भाग. चौथ्या मजल्यावरच्यांना या झाडाचा थेट उपयोग नाही, हे त्यांना आधीच सांगून टाका, म्हणजे नंतर वाद होत नाहीत. त्यांच्यासाठी वेलींचं पुढे लिहिलंय. भिंतीच्या फार जवळ लावलं तर घेर वाढायला जागा उरत नाही, फांद्या खिडकीत शिरतात आणि चार वर्षांनी करवत येते. फार लांब लावलं तर चारच्या सावलीची भिंतीशी गाठच पडत नाही. चार ते सहा मीटर हे अंतर मला बरं वाटतं.

पार्किंगचं गणित निराळं. तिथे बारा ते तीनचं ऊन उभं येतं, तेव्हा सावली झाडाच्या बुंध्याभोवतीच पडते. त्यामुळे झाड कडेला नाही, गाड्यांच्या रांगांच्या मधोमध हवं. दोन गाड्यांच्या मधली एक मीटरची पट्टी सोडायला लोक तयार होत नाहीत. एकदा गाडीत बसताना मांड्या भाजल्या की होतात.

आणखी एक गोष्ट नेहमी राहून जाते. पुण्याचा उन्हाळा सुसह्य होतो तो संध्याकाळी येणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्यामुळे. पश्चिमेला जमिनीपासून दाट अशी हिरवी भिंत उभी केलीत तर ऊन अडेल, पण वाराही अडेल. म्हणून या बाजूला झुडपं नकोत. खालचं खोड अडीच-तीन मीटरपर्यंत मोकळं असलेलं आणि वर घेर धरलेलं झाड हवं. सूर्य वरून अडतो, वारा खालून येतो.

मेमध्ये ज्याला पानं आहेत ते झाड

हा मुद्दा मी सगळ्यांत जास्त घोळवून सांगते, कारण इथेच पैसे आणि पंधरा वर्षं वाया जातात. आपली कितीतरी सुंदर झाडं ऐन उन्हाळ्यात निष्पर्ण असतात. बहावा एप्रिल-मेमध्ये पिवळ्या झुंबरांनी लगडतो खरा, पण त्या वेळी त्याच्या अंगावर पानं नावालाच असतात. पळस, पांगारा, काटेसावर तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुलतात तेच मुळी पानं टाकून. नीलमोहराचंही तसंच. गुलमोहर मेमध्ये लालभडक होतो, त्याची सावली विरळ आणि लाकूड ठिसूळ. पहिल्या वळवाच्या वाऱ्यात गुलमोहराची फांदी कुणाच्या तरी गाडीवर आली नाही असं पुण्यात एकही वर्ष जात नसेल. बागेत एखादा बहावा असावाच, मी नाही म्हणत नाही. पश्चिमेच्या भिंतीसमोर मात्र नको.

मग काय लावावं? माझं पहिलं मत करंजाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो आणि एप्रिल उजाडेपर्यंत पोपटी पानांनी भरून जातो, म्हणजे नेमका वेळेवर हजर. घेर छत्रीसारखा, पाणी कमी, आपला मुरूम चालतो. पानांवर गाठी आणि ठिपके येतात, त्याकडे दुर्लक्ष करायचं. झाडाला त्याचं काही वाटत नाही, ते आपल्यालाच वाटतं. कडुनिंबाचं वेळापत्रकही असंच. गुढीपाडव्याला गुळाबरोबर खायला कोवळा पाला मिळतो याचा अर्थ नवी पालवी तेव्हा आलेली असते आणि मेपर्यंत झाड दाट होतं. एप्रिलमध्ये त्याच्या फुलांचा वास रात्री खिडकीतून येतो, तो वरकड फायदा.

जागा मोठी असेल तर जांभूळ, आंबा, चिंच. जांभूळ बारमाही हिरवं आणि दाट, पण जूनमध्ये खाली जांभळा चिखल होतो. गाड्यांवर नको, मुलांच्या खेळायच्या जागेवर खुशाल लावा. जागा बेताची असेल तर बकुळ. सावकाश वाढतो, पण एकदा झाला की त्याच्याइतकी गर्द सावली छोट्या झाडात मिळत नाही, आणि मुळं भिंतीला फार त्रास देत नाहीत. पुत्रंजीवाही चांगलं, सदाहरित, शिस्तीत वाढणारं. सातवण लवकर वाढतं आणि बारमाही हिरवं असतं, पण दिवाळीच्या सुमारास त्याचा उग्र वास अनेकांना सोसत नाही. बेडरूमशेजारी लावाल तर दरवर्षी एक तक्रार अर्ज पक्का.

वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक यांच्याइतका गारवा दुसरं कोणी देत नाही. पण इमारतीपासून ते लांबच बरे, मैदानात, टेकडीच्या पायथ्याशी, रस्त्याच्या रुंद कडेला. पर्जन्यवृक्षाची छत्री अफाट असते, तोही रस्त्याचाच, दोन इमारतींच्या मधला नाही.

बिल्डरच्या माहितीपत्रकात असतात ती दोन झाडं मात्र यादीतून काढाच. एक तो उंच, सरळसोट खोटा अशोक. कंपाउंडला ओळीने उभा असतो, विजेच्या खांबाइतकीच त्याची सावली. दुसरा कोनोकार्पस, भराभर वाढतो म्हणून कुंपणाला लावतात. गुजरात सरकारने २०२३ साली त्याच्या लागवडीवर बंदी घातली, त्यावरून काय ते समजा. ताडामाडांबद्दल तर बोलायलाच नको.

आणि लॉन. लॉनला सावली नाही, पाणी मात्र रोज. मेमध्ये टँकर मागवायचा आणि त्यातलं पाणी लॉनला घालायचं हा प्रकार मला बघवत नाही. त्याच पाण्यात कितीतरी करंज जगतात.

आधी आहेत ती झाडं जगवा

नवं झाड उपयोगाची सावली द्यायला आठ-दहा वर्षं घेतं. तुमच्या आवारात तीस वर्षांचा आंबा असेल तर तुमची सगळ्यांत मोठी मालमत्ता तीच. त्याच्याकडे आधी बघा. बुंध्याला टेकून पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट असेल तर निदान एक मीटरचं वर्तुळ मोकळं करा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांबाबत हेच सांगितलं होतं: बुंध्याभोवती एक मीटर काँक्रीट नको. फोडताना पहारीने जपून फोडा, ब्रेकर लावू नका, मुळं तुटतात. मोकळ्या जागेत पालापाचोळा पसरा. फलक ठोकलेले खिळे, दिवाळीतल्या माळांच्या आवळलेल्या तारा काढून टाका.

छाटणीचा विषय निघाला की माझा आवाज चढतो. दरवर्षी मेमध्ये ‘पावसाळ्यापूर्वीची कामं’ म्हणून झाड पार बोडकं केलं जातं. ज्या महिन्यात सावली लागते त्याच महिन्यात ती कापून ट्रॅक्टरमध्ये भरायची! वाळलेली, चिरलेली, तारांना घासणारी फांदी काढावीच. शेंडा उडवणं आणि सगळीकडून सारखं गोल करणं थांबवा. शेंडा उडवलेल्या झाडाला जे झुबके फुटतात त्यांचा सांधा कच्चा असतो आणि पुढे वादळात तेच मोडतात, म्हणजे सुरक्षिततेसाठी केलेलं काम उलटच पडतं. शिवाय महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. झाड खासगी आवारात असलं तरी तोडायला आणि फांद्या छाटायलाही महापालिकेची परवानगी लागते, अर्ज उद्यान विभागाकडे करायचा. ‘आमच्या सोसायटीचं झाड आहे’ हे कारण चालत नाही.

रिडेव्हलपमेंट चालू असेल तर ही दोन वाक्यं नीट वाचा. करारावर सह्या व्हायच्या आधी प्रत्येक झाड आराखड्यावर जागेसकट आणि घेरासकट दाखवून घ्या, आणि कोणती राहणार ते लिहून घ्या. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांहून जुन्या झाडाला कायद्याने वारसा वृक्ष मानलं जातं आणि ते तोडायची वेळ आली तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. ‘पुनर्रोपण करू’ हे आश्वासन मोठ्या झाडाच्या बाबतीत मी धरत नाही. मुळं छाटून, खोडाचा सोटा उचलून नेलेलं झाड जगलं तरी त्याची सावली परत यायला पुन्हा तितकीच वर्षं जातात.

खड्डा, रोप, पाणी

खड्डा मेमध्ये खणा, जूनमध्ये नाही. तीन फूट लांब, रुंद, खोल. कोथरूड, बावधन, पाषाणच्या बाजूला दीड फुटावर खडक लागतो. माळीकाका म्हणतील ‘पुरे झालं ताई’, तिथे थांबू नका. खोली मिळत नसेल तर रुंदी वाढवा. खणण्याआधी ड्रेनेज, पाण्याची लाइन, केबल कुठून गेली आहे ते प्लंबरला विचारा. जमिनीखालच्या टाकीपासून आणि महावितरणच्या तारांपासून लांब राहा. अग्निशमनची गाडी फिरायची वाट मोकळी ठेवा. खड्डा पंधरा-वीस दिवस उन्हात तापू दे. भरताना निघालेली माती, कुजलेलं शेणखत आणि पाल्याचं खत मिसळा, दोन मुठी निंबोळी पेंड. खालून नुसता मुरूम निघाला असेल तर बाहेरची लाल माती आणावी लागेल, पण काळी चिकण माती एकटी भरू नका. ती पावसात पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

रोप घ्यायला सोलापूर रस्त्याने उरुळी कांचनकडे गेलात तर नर्सऱ्यांची रांगच आहे. पाच-सहा फुटांचं, जाड बुंध्याचं, शेंडा शाबूत असलेलं रोप निवडा. बारा फुटांचं घेतलं की लगेच सावली मिळेल असं वाटतं. पिशवीत इतकी वर्षं अडकलेल्या रोपाची मुळं गोल गोल फिरलेली असतात आणि लहान रोप तीन-चार वर्षांत त्याला गाठतं. पिशवी उलटी करून मुळं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. नर्सरीवाला कुरकुर करेल, करू दे.

जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की लावा. प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढा (हे लिहावं लागतं, कारण पिशवीसकट पुरलेली रोपं मी बाहेर काढली आहेत). वेढलेली मुळं बाहेरून दोन-तीन ठिकाणी उभी चिरा. पिशवीत मातीची पातळी होती तीच जमिनीला ठेवा, खोड पुरू नका. बांबू रोवून काथ्याने सैल बांधा, तारेने नाही. आळं करा, त्यात चार बोटं जाड पाला पसरा आणि तो खोडापासून वीतभर लांब ठेवा.

खरं काम सुरू होतं ऑक्टोबरमध्ये. पुण्याचा पाऊस वर्षाला जेमतेम सातशे मिलिमीटरच्या आसपास आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. म्हणजे उरलेले आठ महिने पाणी आपण घालायचं. रोज तांब्याभर घालू नका, मुळं वरच राहतात. आठवड्यातून दोनदा, बादलीभर, सावकाश. मार्च ते जून तीनदा. दिवाळीच्या सुट्टीत आणि मेमध्ये सगळे गावाला जातात तेव्हाच रोपं मरतात. त्यावर उपाय म्हणून रोपापासून फूटभरावर साधं, झिलई नसलेलं मडकं गळ्यापर्यंत पुरा, भरून झाकण ठेवा. चार-पाच दिवस ते पाझरत राहतं. मोठ्या सोसायट्यांत एसटीपीचं, म्हणजे सांडपाण्यावर प्रक्रिया केलेलं पाणी असतं, ते झाडांसाठी उत्तम. आरओमधून फेकलं जाणारं पाणी क्षारांचं असतं, तेच एकटं सतत घालू नका. साध्या पाण्यात मिसळून, आलटून पालटून.

जमीनच नसेल तर

वाकड, बाणेर, हिंजवडीच्या नव्या इमारतींत ‘गार्डन’ म्हणतात ते पोडियमच्या स्लॅबवर असतं, खाली दोन मजले पार्किंग आणि वर दीड फूट माती. तिथे करंज लावून उपयोग नाही, तो खुजा राहील किंवा वाऱ्यात कलंडेल. माती स्वतः वाढवू नका. एक घनमीटर भिजलेली माती पावणेदोन टनांच्या आसपास भरते. स्लॅब किती वजन पेलतो हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने सांगायचं, बाग समितीने नाही. पोडियमवर लोखंडी मांडव उभारून वेल चढवावा. मधुमालती यासाठी झकास, बारमाही हिरवी आणि वाढायला हावरट.

वरच्या मजल्यांवरच्या पश्चिमेच्या बाल्कनीला वेल हाच उपाय. फेब्रुवारीत मोठ्या कुंडीत किंवा अर्ध्या ड्रममध्ये घोसाळं किंवा दोडका लावा, ग्रिलपासून हातभर बाहेर दोऱ्या ताणून त्यावर चढवा. एप्रिलच्या मध्यापर्यंत हिरवा पडदा तयार, भाजी वर. तोंडली एकदा लावली की वर्षानुवर्षं टिकते. वेल थेट भिंतीवर चढवण्यापेक्षा भिंत आणि पानं यांच्यात थोडी फट ठेवलेली बरी. हवा खेळते आणि ओल भिंतीत मुरत नाही. कुंडीला मेमध्ये सकाळ-संध्याकाळ पाणी लागेल, खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ते पडणार नाही अशी ताटली ठेवा. बाल्कनीतल्या बागेची निम्मी भांडणं त्याच पाण्याची असतात.

गच्चीला झाडांचा इलाज नाही. तिथे पांढरा परावर्तक रंग लावा, त्यावर हवी तर जाळी आणि कुंड्या. वॉटरप्रूफिंगची खात्री करून मगच.

माणसांचं काय करायचं

पानं पडतात. गाडीवर पक्षी घाण करतात. डास होतात. प्रकाश अडतो. व्ह्यू जातो. झाड लावताना हे पाच आक्षेप येणार हे धरून चाला. पाल्यासाठी कोपऱ्यात विटांचा हौद करा, वर्षाला मिळणारं खत खड्ड्यांना पुरतं, आणि सफाईवाल्या मावशींच्या कामात भर पडते तर त्यांचे पैसे वाढवा. नाहीतर एक दिवस पाला पेटवलेला दिसेल. डास झाडाने होत नाहीत, कुंडीखालच्या साचलेल्या पाण्याने होतात. गाडीवर कापडी कव्हर घाला. व्ह्यूचं मी काही करू शकत नाही; समोर बहुतेक वेळा दुसऱ्या बिल्डिंगची ड्राय बाल्कनी असते.

सभासदांना पटवायला नेदरलँड्सचे वनशास्त्रज्ञ सेसिल कोनेनडाइक यांनी २०२१ साली मांडलेला एक सोपा नियम मला उपयोगी पडतो. प्रत्येक घरातून निदान ३ झाडं दिसावीत, वस्तीत ३० टक्के भागावर झाडांची छाया असावी, आणि हिरवी मोकळी जागा ३०० मीटरच्या आत असावी. पहिलं आणि दुसरं आपल्या आवारात आपल्या हातात आहे. तिसऱ्यासाठी तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी आहेत तशा राहिल्या पाहिजेत, आणि ते काम आवाराबाहेरचं आहे, हरकती-सूचनांच्या नोटिशीला वेळेत उत्तर देण्याचं. वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाची, म्हणजे ग्लिरिसिडियाची, लागवड बरीच आहे. देशी नाही म्हणून लोक नाकं मुरडतात, आणि जैवविविधतेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण टेकडीवर बांधकाम आणि टेकडीवर गिरिपुष्प यांत निवडायचं असेल तर मला विचार करावा लागत नाही.

प्रत्येक घराला एकेक झाड वाटून द्यायची पद्धतही चांगली, पण नावाची पाटी लावू नका. पाटी लावली की त्या घरचे पाणी घालत नाहीत आणि दुसरं कोणी घालायला जात नाही. त्यापेक्षा उन्हाळ्याचे चार महिने माळीकाकांना जास्तीचे पैसे ठरवून द्या, ते खात्यात आधीच वेगळे काढा आणि हजेरी वॉचमनच्या वहीत मांडायला लावा.

तिसरा पावसाळा आला की बांबू हलवून बघा. झाड स्वतःच्या पायावर उभं असेल तर बांबू आणि दोऱ्या काढा. ट्री-गार्डही त्याच वर्षी काढा, नाहीतर जाळी खोडात रुतते आणि नंतर ती कापायला वेल्डर बोलवावा लागतो. काढलेले गार्ड भंगारवाल्याला देऊ नका, नव्या रोपांना लागतात. आमच्याकडे ते जिन्याखाली ठेवलेत. सेक्रेटरी दर महिन्याला ते कधी हलवणार विचारतात, आणि मी दर महिन्याला जूनमध्ये म्हणून सांगते.